पंखा लागत नाही

गाडीतला गर्मीचा काटा लाल रेघेकडे चढायला लागला तेव्हा मी मूर्तिजापूरच्या अलीकडे रांगेत उभा होतो. रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू बंद होती आणि दुसऱ्या बाजूने आळीपाळीने गाड्या सोडत होते. पुढे सरकीचे ट्रक, मागे एसटी, मधे मी. गाडी पळत असते तोवर काटा अर्ध्यावर गुमान बसून असतो. गाडी थांबली की चढतो. मी इंजिन चालू ठेवूनच बोनेट उघडलं आणि आतल्या पंख्याकडे पाहिलं. रेडिएटरच्या मागे असतो तो, काळा, प्लास्टिकचा. इंजिन तापलं की त्याने आपोआप फिरायला पाहिजे. तो फिरत नव्हता. मी इंजिन बंद केलं.

शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काकाजी, गाडीले हवा चारून राहिले का?"

"गरम झाली."

"पाण्याचं झाकण नका उघडू बरं. थोबाड भाजन."

"माहीत आहे मले."

"माहीत आहे तं उन्हात कायले उभे राहिले? या, वर बसा."

मी गेलो नाही. दुपट्टा डोक्याला गुंडाळून तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. दीपमालाचा होता. ती माझी एकुलती एक मुलगी, अकोल्याला दिलेली.

"बाबा, कुठपर्यंत आले?"

"मूर्तिजापूर."

"गरम झाली का?"

"झाली."

मागून सुगतचा, माझ्या जावयाचा आवाज आला, "झाली ना? मी म्हटलंच होतं."

"बाबा, थंड झाली की हळूहळू परत जा," दीपमाला म्हणाली. "नीट झाली की मंग या मले न्यायले."

मी फोन खिशात टाकला आणि टायरला लाथ मारली. माझ्याच पायाला लागलं.

दीपमालाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि पोरीला न्यायला माहेरचं माणूस जातं. वनमाला असती तर हे सगळं तिने पाहिलं असतं. ती दिवाळीनंतर गेली. सकाळी स्वयंपाकघरात चहा ठेवला, तिथेच खाली बसली आणि उठली नाही. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. मला ते लिहिता येत नाही. गाडीबद्दल लिहिता येतं.

गाडी तिचीच. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. निवृत्त झाल्यावर तिने ही जुनी गाडी घेतली. चालवायचो मी. मी एसटीत कंडक्टर होतो, अमरावती डेपोला. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत उभं राहण्यात जन्म गेला. गाडी बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरायचा आणि मी प्रवाशांच्या शिव्या खायचो. इंजिनाचं मला काही कळत नव्हतं, कळून घ्यायची वेळही आली नव्हती.

दीपमालाने सांगितलं होतं, "मी येईन तं आईच्या गाडीतच येईन. पण थे नीट झाल्यावर." सुगत कृषी खात्यात आहे. माणूस चांगला, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. "मामाजी," तो म्हणाला, "तिले अशा उन्हात रस्त्यावर उभी करता का? गाडी चांगली झाली तं न्या. नाही झाली तं राहू द्या इथंच, आमी पाहून घेऊ." आणि त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की नववा लागला की प्रवास बंद. नववा जवळ येत होता.

आमच्या शेजारचा भगवंत म्हणाला, "भाड्याची गाडी करा ना, देवमनभाऊ. एवढं काय त्यात?"

मी म्हटलं, "तुही पोरगी तू आण भाड्याच्या गाडीत."

त्याला पोरगी नाही, हे मला नंतर आठवलं.

घरी सगळी तयारी झाली होती. मागची खोली मी रिकामी केली. गादी पिंजून घेतली. कूलरला नवीन गवत लावलं. वनमालाची धाकटी बहीण इंदूबाई अकोटला असते, तिने बाळंतपणाला येऊन राहायचं कबूल केलं. पंखा तेवढा लागत नव्हता.

गाडी उस्मानभाईकडे नेली. त्याचं गॅरेज आमच्या घरापासून जवळ आहे. वनमाला गेली तेव्हा तो मसणवट्यापर्यंत आला होता, त्यामुळे त्याच्यावर ओरडायची मला सोय नव्हती. त्याने इंजिन चालू केलं, एक बटण दाबलं, पंखा भर्रकन फिरला.

"लागते ना चाचा. हे पाहा."

"मंग रस्त्यावर काऊन नाही लागत?"

"लागत असन. तुमाले दिसला नसन."

"उस्मानभाई, मी बोनेट उघडून त्याच्या तोंडासमोर उभा होतो."

त्याने मान हलवली. पंखा चांगला आहे म्हणजे दोष पाण्यात, असं त्याचं गणित. त्याने थर्मोस्टॅट बदलला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. मी गाडी घेऊन निघालो, बडनेऱ्याला रेल्वेच्या पुलापाशी गर्दीत अडकलो, काटा वर. परत आलो. त्याने इंजिन चालू केलं, बटण दाबलं, पंखा फिरला.

"हे पाहा चाचा. फिरून राहिला."

मग त्याने रेडिएटर उतरवला. जाळीत रुईचा चोथा बसला होता, बोटाने ओढला तर लांब निघाला. मी आणि वनमाला अकोटला जायचो, तिथे जिनिंगच्या बाहेर रस्ताभर रुई उडते. उस्मानभाई खूश झाला. "हेच होतं! गाडीचा श्वास कोंडला होता, चाचा." मीही खूश झालो. दीपमालाला फोन करून जाळीत काय काय निघालं ते सांगितलं. ती म्हणाली, "बापरे. अजून काय निघालं?" मी सांगितलं, दोन मेलेले टोळ आणि कसलंतरी पीस. दुसऱ्या दिवशी राजकमल चौकात सिग्नलला काटा वर.

मग त्याने काट्याला खबर देणारा सेन्सर बदलला. मग रेडिएटरमधलं जुनं पाणी काढून हिरवं कूलंट भरलं. प्रत्येक वेळी गॅरेजात पंखा फिरायचा. प्रत्येक वेळी उस्मानभाई म्हणायचा, "पाहा." मला ते "पाहा" ऐकलं की डोक्यात तिडीक जायची. गाडी त्याच्यापुढे शहाणी आणि माझ्यापुढे वात्रट, असं कसं? एकदा तर मी त्याला म्हटलं, "तूच चल ना माझ्यासोबत अकोल्याला, थे तुलेच भेते." तो हसला. मी हसलो नव्हतो.

दीपमाला रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय म्हणते गाडी?" मी सांगायचो. कधीकधी बोलता बोलता दिवेलागण होऊन जायची, घरात दिवा लावायचा राहून जायचा.

इंदूबाईला अकोटहून आणायची वेळ आली. एसटीने ये म्हटलं तर म्हणाली, "माझी पेटी, मसाल्याचा डबा, डिंक, मेथ्या, हे सगळं एसटीत कोण चढवीन? तुमी गाडी घेऊन या." गेलो. सकाळी लवकर निघालो, रस्ता मोकळा होता, कुठे थांबावं लागलं नाही, काटा जागेवर. येताना ती पुढे बसली, दार लावलं आणि म्हणाली, "लावा."

"काय लावू?"

"एसी लावा, एसी! मले काय भट्टीत घालून नेता का?"

"काच खाली कर. हवा येते."

"हवा येते! झळ येते झळ. भाऊजी, मी बाळंतपण करायले येऊन राहिली, माझंच बाळंतपण करता का रस्त्यात?"

लावला. अंजनगावात बाजाराचा दिवस होता. केळीच्या गाड्या, बैल, माणसं, सगळं रस्त्यावर. आम्ही रांगत रांगत निघालो. मी काट्यावर डोळे लावून बसलो होतो. तो हललाच नाही. इंदूबाईची केळी विकत घेऊन खाऊन झाली तरी हलला नाही.

घरी आल्या आल्या मी दीपमालाला फोन केला. "झाली! कूलंटचंच होतं. रविवारी येतो."

"नक्की का बाबा?"

"अंजनगावच्या बाजारातून काढली. आता अजून काय पायजे?"

ती "बरं" म्हणाली. तिच्या आवाजात मला वाटलं होतं तेवढा आनंद नव्हता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी उस्मानभाईकडे पेढे घेऊन गेलो.

शनिवारी इतवाऱ्यात भाजी आणायला एकटाच गाडी घेऊन गेलो. दीपमालाला आवडतात म्हणून शेवग्याच्या शेंगा घ्यायच्या होत्या. गर्दीत हातगाड्यांच्या मागे अडकलो आणि काटा वर. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. हॉर्न वाजला. समोरचा हातगाडीवाला वळून म्हणाला, "उडू का आता?"

शेंगा न घेता परत आलो. इंदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी किल्ली फेकली, ती तिच्या ताटात पडली.

"विकून टाकतो. भंगारात देतो."

"कायले?"

"तुले आणलं तवा गरम झाली नाही. उस्मानभाईसमोर होत नाही. मी एकटा बसलो की होते. गाडी काय माणूस पाहून तापते?"

इंदूबाईने तांदळातून किल्ली उचलून पदराला पुसली. "तुमी उकडत जाता, तशी थेबी उकडत असन. मी तं एसी लावून बसली होती. ताई होती तवा ताईबी तेच करे. दार लावलं का आधी एसी."

मी तिच्या हातातून किल्ली घेतली.

ते खरं होतं. वनमालाला उकाडा सोसत नसे. थंडीतसुद्धा ती एसी लावायची आणि मी म्हणायचो, पेट्रोल झाडाला लागत नाही. ती म्हणायची, तुम्ही पेट्रोल वाचवा, मी जीव वाचवते. हे आमचं प्रत्येक प्रवासात व्हायचं. ती गेल्यावर मी त्या बटणाला हात लावला नव्हता. मुद्दाम नाही. भांडायला कोणी नव्हतं म्हणून ते बंदच राहिलं.

मी बाहेर गेलो. इंदूबाई मागे आली. गाडी अंगणात चालू केली, एसी बंद ठेवला, बोनेट उघडून उभा राहिलो. काटा हळूहळू वर गेला, अर्ध्याच्या पुढे, आणखी पुढे. पंखा मेल्यासारखा. मग खिडकीतून हात घालून एसी लावला. पंखा लगेच भर्रकन. एसी बंद केला. पंखा बंद.

"म्हणजे काय झालं?" इंदूबाई म्हणाली.

"म्हणजे त्याले दोन जण हुकूम देतात. एक एसी, एक इंजिनाची गर्मी. एसीचं तो ऐकते. गर्मीचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही."

"मंग हे कधीपासून आहे?"

कधीपासून, ते मला सांगता येईना. वर्षभर असेल. दोन वर्षं असेल. ती एसी लावून बसायची, पंखा फिरत राहायचा, आणि दुसरा हुकूम मेला आहे हे कळायला जागाच नव्हती. मला तिचा राग आला. खरंच आला. मी मनात म्हटलं, तू बाजूला बसून इतकी वर्षं हे झाकून ठेवलंस, आणि गेलीस तेव्हा मला रस्त्यात उभं केलंस. तिची यात काही चूक नव्हती हे मला कळत होतं. राग तरी गेला नाही. तिला ऐकवता येत नव्हता, म्हणून आणखी वाढला.

"डोळ्यात काय गेलं?" इंदूबाईने विचारलं.

"वाफ."

"वाफ कुठं आहे?"

"तू आत जा."

उस्मानभाईने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "या अल्ला. चाचा, मी तर एसी लावूनच पाहतो. आमच्या धंद्यात सगळे तसंच पाहतात. इंजिन तापायची वाट कोण पाहीन? गिऱ्हाईक बोंबलते." ते बटण एसीचं होतं. इतके दिवस तो माझ्यासमोर ते दाबत होता आणि मी पंख्याकडे पाहत होतो, त्याच्या बोटाकडे नाही.

तो गाडीखाली गेला. रेडिएटरच्या खालच्या अंगाला एक छोटा स्विच असतो. पाणी तापलं की तो आतून जुळतो आणि पंख्याला करंट सोडतो. काट्याचा सेन्सर वेगळा, पंख्याचा स्विच वेगळा. उस्मानभाईने पहिला बदलला होता, दुसऱ्याला हात लावला नव्हता. त्याने स्विचवरचा प्लग काढला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा घातला. पंखा फिरला, एसी बंद असताना.

"म्हणजे वायर चांगली, मोटर चांगली, रिले चांगला," तो खालून म्हणाला. "हाच हरामखोर मेला आहे."

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. दुकानदाराने दिलेला स्विच बसला तर खरा, पण पंखा काटा लाल रेघेला टेकल्यावर लागायचा. तो दुसऱ्या मॉडेलचा, जास्त तापल्यावर जुळणारा निघाला. दुकानदार म्हणाला, "आटे तर तेच आहेत ना काका?" मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. योग्य स्विच यायला अजून दिवस गेले. रविवार गेला. दीपमालाला कळवलं. ती म्हणाली, "असू द्या बाबा. सांगा ना, दुसऱ्या स्विचमध्ये फरक काय असते?" मी सांगितलं.

शेवटी एका सकाळी आम्ही निघालो, मी आणि इंदूबाई. पोरीला रस्त्यात सोबत पाहिजे म्हणून तिला घेतलं. एसी लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. गाडीची परीक्षा होती. इंदूबाईने ओला दुपट्टा डोक्यावर घेतला आणि मूर्तिजापूरपर्यंत मला बोलत राहिली.

"पंखा नीट झाला ना?"

"झाला."

"मंग एसी लावाले काय होते?"

"मंग कळन कसं, कोण चालवून राहिलं त्याले?"

"मी मेली तं कळन."

मूर्तिजापूरच्या अलीकडे काम अजून चालूच होतं. रांगेत उभे राहिलो. काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला. समोरून भर्र आवाज आला. काटा खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा भर्र. इंदूबाई बोलायची थांबली होती. मग म्हणाली, "चांगला वाजते." बोरगाव मंजूला तिने मला उसाचा रस पाजला.

सुगतचं घर अकोल्यात कौलखेडला. मी फाटकातून गाडी आत घेतली आणि बंद केली नाही. सुगत बाहेर आला. त्याची आई, माणिकबाईही आल्या.

"जय भीम मामाजी. या, आत या."

"जय भीम. आत नंतर. आधी इथं उभे राहा." मी बोनेट उघडलं. "एसी बंद आहे, पाहून घ्या. आता फक्त थांबा."

आम्ही सगळे बोनेटभोवती उभे राहिलो. ऊन मोठं होतं. माणिकबाई म्हणाल्या, "कोणी बाहेर निघणार आहे का यातून?" तेवढ्यात पंखा लागला. सुगतने वाकून पाहिलं, खिडकीतून हात घालून एसीचं बटण तपासलं, मान हलवली.

"ठीक आहे मामाजी. मानलं."

मी दाराकडे वळलो. दीपमाला पायरीवर बसली होती, पोटावर हात ठेवून. अंगावर घरातला गाऊन होता.

"बॅग कुठं आहे?" मी विचारलं.

"बाबा, आधी जेवा."

"जेवतो. बॅग कुठं आहे?"

"गाडी बंद करा ना. पेट्रोल जळून राहिलं."

मी बंद केली. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मी येत नाही बाबा."

"काऊन? आताच पाहिलं ना सुगतरावांनी. नीट झाली गाडी."

"गाडीचं नाही."

"मंग कायचं आहे?"

"मले त्या घरात जाववत नाही. स्वयंपाकघरात पाय ठेवला की मले आई तिथं खाली दिसते. मी नाही होत तिथं बाळंत. इथंच होईन."

मला सगळं एकदम सुचलं. "मंग आधी नाही सांगता येत? मी रेडिएटर उतरवला. थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला. दुकानदाराशी भांडलो. मरणाच्या उन्हात रस्त्यावर उभा राहिलो मी. आणि तू रोज विचारे, आज काय म्हणते गाडी!"

"सांगणार होती. आधीच सांगणार होती." ती आता माझ्याकडे पाहत होती. "आई गेल्यावर तुमी फोनवर काय बोलत होते, सांगा. हो. जेवलो. बरं आहे. ठेव. बस, तेवढंच. मी फोन ठेवून रडत बसे. मंग गाडी बिघडली आणि तुमी घंटा घंटा बोलाले लागले. जाळीत टोळ निघाले, उस्मानभाई असं म्हणाला, स्विच असा असते. मले अर्धं समजे नाही. मी म्हटलं, चालू द्या."

"म्हणजे तू मले खेळवलं."

"हो."

मी सुगतकडे वळलो. "तुमीबी यात होते?"

"नाही मामाजी," तो म्हणाला. "मले खरंच त्या गाडीची भीती वाटे."

इंदूबाईने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की काय ते मी पाहिलं नाही. मी जाऊन गाडीत बसलो, दार उघडं ठेवून. किल्ली हातात होती. गाडी चांगली होती. सरळ अमरावतीपर्यंत कुठेही न तापता जाणार होती. आणि तिथे पिंजलेली गादी, नवीन गवताचा कूलर आणि रिकामी खोली होती. कोणाला सांगणार, जाळीतून काय काय निघालं ते?

थोड्या वेळाने इंदूबाई आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"झालं का रुसून?"

"खोली तयार केली मी तिच्यासाठी."

"माहीत आहे. मी झाडली ना थे."

"मले विचारलं असतं तं..."

"काय केलं असतं? हो म्हणून फोन ठेवला असता."

सुगत आला. त्याला उभं राहायला जागा नव्हती, तो बोनेटपाशी उभा राहिला.

"मामाजी, मी दौऱ्यावर असतो. तेल्हारा, अकोट, बाळापूर, ऑफिसच्या जीपनं. घरी फटफटी आहे, तिच्यावर तं दीपमालाले नेता येत नाही. कधी कळा येतीन, कोण सांगन? गाडी पायजे घरी. आणि चालवणारं माणूस पायजे."

"मी लेकीच्या घरी राहू?"

आमच्यात बाप लेकीच्या घरी मुक्कामाला राहत नाही. माझा बाप राहिला नव्हता. आजोबा तर आत्याच्या घरी पाणीही पीत नव्हते, बाहेरून बोलून परत यायचे. माणिकबाई ओट्यावरून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "देवमनभाऊ, मी काय तुमाले पाहुणे म्हणून ठेवून राहिली का? ड्रायव्हर म्हणून ठेवून राहिली. जेवण मिळन. भांडे आपले आपण घासा लागतीन."

"मी कंडक्टर होतो. ड्रायव्हर नाही."

"मंग तिकीट फाडा," इंदूबाई म्हणाली, "पण उन्हातून उठा आधी."

दीपमाला पायरीवरच होती. तिने काही म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला पुन्हा ओरडता आलं असतं. ती नुसती बसून होती, आणि तिचे पाय सुजले होते. हे मला आता दिसलं. इतका वेळ मी सगळ्यांना पंखा दाखवत होतो.

राग तसाच होता. तो आजही पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. ती मला सुरुवातीलाच खरं सांगू शकली असती. पण मला खरं सांगण्यासारखा मी तरी कुठे होतो, हेही खरं.

मी दार ओढून घेतलं. "गाडी कुठं लावू? उन्हात नाही ठेवत मी."

"लिंबाखाली लावा," माणिकबाई म्हणाल्या. "पण कावळे घाण करतात बरं."

"करू द्या."

सुगतने लिंबाखालची फटफटी काढून भिंतीला लावली. मी गाडी मागे घेतली.